बबनचा बॅज

सरकारी तपासणीच्या नोकरीत दुसरं काही साठो न साठो, किस्से मात्र साठतातच. सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो.

पौडच्या पुढे, मुळशीच्या रस्त्यावर एका कंत्राटदाराचं वर्कशॉप आहे. तिथे अणुवीज केंद्रासाठी स्टीलच्या मोठाल्या टाक्या बनतात. जोड पक्का आहे का, माणसं सुरक्षित आहेत का आणि बिल खरं आहे का, हे बघायला सरकारने दोघांना बसवलंय. मी आणि माझ्या साहेब, सबनीस मॅडम. मॅडम कमी बोलतात. कंत्राटदाराला सगळे शेठ म्हणतात, आणि शेठ मॅडमच्या वाटचंही बोलतात.

* * *

सुरुवातीलाच नव्या हेल्मेटांचं बिल आलं. कामगारांच्या डोक्यावर मात्र जुनी, तडकलेली. नवी कुठे आहेत विचारल्यावर शेठनी कौतुकाने कपाट उघडलं. सगळी प्लास्टिकच्या पिशवीत, ओळीने.

"तुमचे मोठे साहेब व्हिजिटला आले की काढू. रोज वापरली तर खराब होतात."

"आणि डोकी खराब झालेली चालतात?" मॅडमनी विचारलं आणि बिल बाजूला ठेवलं. दुपारपर्यंत सगळ्यांना नवी हेल्मेटं मिळाली. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असे आमचे शेठ. फक्त चमडी दुसऱ्याची.

* * *

जोडाचा एक्स-रे काढायला एक जड डबा असतो. त्यात तांदळाच्या दाण्याएवढी गोळी. ती बाहेर काढली की किरण सुटतात. ते दिसत नाहीत, जाणवत नाहीत, म्हणून आधी भोंगा वाजवून सगळ्यांना लांब करायचं. हे काम बबनचं. बबन ताम्हिणीकडचा, शांत माणूस. त्या गोळीच्या सगळ्यात जवळ तोच असतो.

एका शनिवारी भोंगा वाजलाच नाही. बबनने ओरडून ओरडून माणसं हटवली. शेजारच्या रिसॉर्टच्या पाहुण्यांची झोपमोड होते म्हणून शेठनी वायर काढून ठेवली होती.

"शनिवार-रविवारपुरताच प्रश्न आहे, मॅडम."

मॅडमनी भोंग्याशिवाय काम बंद, असं सांगितलं. शेठनी स्वतः शिडी मागवली.

* * *

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. त्याला आमची ना नव्हती. पण जाऊन बघतो तर एक्स-रेचा डबा त्याच्या खोलीतून उचलून मधोमध पाटावर ठेवलेला, झेंडूचा हार घातलेला, आणि भोवती माणसं बायकापोरांसकट फोटोला बसलेली. डबा बंद होता, एवढंच नशीब. मॅडमनी आवाज न चढवता सगळ्यांना उठवलं, किरण मोजायच्या मीटरने तपासून डबा आत पाठवला.

"वर्षाचा सण आहे, मॅडम," शेठ कुरकुरले.

"देवाला त्या खोलीची वाट माहीत आहे."

पाटावर सगळ्यांचे बॅजही मांडले होते. किरणांपाशी काम करणाऱ्याने हा बॅज छातीला लावायचा. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो आणि अंगावर किती किरण पडले ते कळतं. बबनचा बॅज तेवढा दिसला नाही.

"माझ्याची घरीच पूजा क्येली," बबन म्हणाला. आम्हाला त्याचं कौतुक वाटलं.

* * *

मग तपासणीचे आकडे आले. बबनचा आकडा माझ्याइतकाच. मी खुर्चीत बसणारा, तो गोळीशेजारी उभा राहणारा. मॅडमनी जीप काढायला सांगितली आणि आम्ही थेट त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा टाकला. देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी बॅज ठेवलेला होता, हळदीकुंकू वाहिलेला. कामावर बबन छातीला लावायचा ते त्याचं नुसतं रिकामं खोकं.

"आकडा वाढला की शेठ घरी बसवत्यात," तो म्हणाला. "मंग त्याला हितं ठिवतो. कामाला मी एकलाच जातो."

चहा तसाच निवला. परतीच्या वाटेवर मला शेठचा भयंकर राग आला होता.

मॅडमनी शेठना एकच अट घातली. ज्याचा आकडा वाढेल त्याला त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, घरी बसवायचं नाही. शेठ पुष्कळ भांडले. शेवटी कबूल झाले.

* * *

बबन बॅज लावून कामाला यायला लागला. तीन महिन्यांनी आकडा आला, तो मर्यादेच्या वर. शेठनी शब्द पाळला. बबनला स्टोअरमध्ये बसवलं, पगार तोच. मॅडमनी त्याच्या डॉक्टरी तपासणीची सोय केली.

हे सगळं सांगायला मॅडमनी त्याला खोलीत बोलावलं. खुर्ची दिली, पण तो उभाच राहिला. ऐकून झाल्यावर त्याने छातीवरचा बॅज काढून हळूच टेबलावर ठेवला.

"मॅडम, ह्यो निसत्या तीन महिन्यांचा आकडा नव्हं?"

"हो, बबन."

"मंग आदीच्या वर्सांचा कुणाला इचारू? खंडोबाला?"