गुणाबाईनं हाकललेली पाखरं

अंजूरच्या गुणाबाईचा अर्धा जन्म पाखरं हाकलण्यात गेला. खाडीलगतच्या शेतात भाताच्या दाण्यात दूध भरलं की तिचा मुक्काम माळ्यावर. चार बांबूंवर ठोकलेल्या त्या फळ्यांवर बसून ती दिवस मावळेपर्यंत आरोळ्या ठोकायची, डबा बडवायची, ढेकळं भिरकावायची. थवा खाली उतरायला लागला की हात आपोआप वर जायचा, डोक्याला विचारायची गरजच नसे. पुढं शेत गेलं, त्यावर गोडाऊन उभं राहिलं. गुणाबाईचा आवाज मात्र शाबूत राहिला.

तिची लेक विनिता वडप्याच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला. ड्युटी सांभाळून ती दोन हिवाळे ठाण्याच्या माधवी मॅडमबरोबर पक्षी बघत हिंडली होती. आता मॅडमनी तिला सांगितलं होतं, "या रविवारी अंजूरची फेरी तू घे. जमलं तर हिवाळाभर तूच."

आठवडाभर विनिता पक्ष्यांची नावं घोकत होती. आदल्या संध्याकाळी म्हणाली, "आये, तूपण चल. फक्त बोलू नको."

"मुकी हाय असं सांग सगळ्यांना," गुणाबाई म्हणाली.

सकाळी निघताना शेजारच्या केसरीनाथनं ओट्यावरून हटकलंच. "काय वहिनी, जन्मभर ज्यांना ढेकळं मारली, त्यांच्याच भेटीला? ओळखलं म्हणजे?"

"तुला तरी कोण ओळखतंय ते बघ आधी," म्हणत गुणाबाई पुढं झाली.

बांधावर दहाबारा जण जमले होते, गळ्यात दुर्बिणी, खांद्यावर कॅमेरे. सुरुवातीला विनिताचा आवाज कापत होता. मग लाल काटक्यांसारख्या पायांचे शेकाटे दिसले आणि तिला सूर सापडला. ते पाणथळीत कसे चरतात, घरटं कुठं करतात, ती सांगत गेली. 'ही माझी पोर' हे शब्द गुणाबाईच्या अगदी ओठांवर आले, ते तिनं गिळले.

मंडळी लांबून आली होती ती टिलव्यांसाठी. ओहोटीनं चिखल उघडा पडला की त्यांचा थवा तिथं चरायला उतरतो. पाणी हटू लागलं आणि थवा आला. शेकडो इवली पाखरं एका अंगावर वळली, पांढरी चमकली आणि थेट समोर उतरू लागली. कॅमेरे वर झाले.

"हाऽऽ होऽऽ होऽऽ"

ढेकूळ चिखलात फुटलं, तेव्हा कुठं गुणाबाईला कळलं की ते आपल्याच हातून सुटलंय. थवा उचलला गेला तो पार पलीकडच्या काठाला.

कुणीतरी चुकचुकलं. माधवी मॅडमनी दुर्बीण खाली घेतली. विनिताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी घरी जाते गं," गुणाबाई पुटपुटली.

"आता जाऊन काय करशील? बस तिथं."

"मावशी, हे काय होतं?" एका कॅमेरावाल्यानं विचारलं. गुणाबाईनं लेकीकडं बघितलं. बोलायचं नाही, असं ठरलं होतं.

विनितानंच सांगितलं, आधी तुटक, मग सावकाश. "आमचं भाताचं शेत होतं. ही माळ्यावर बसून राखण करायची आणि मी खाली झोळीत. पाखरं मी पहिल्यांदा तिथूनच बघितली. पण सगळी पळताना. धड बघायला मिळाली नाहीत, म्हणूनच या नादाला लागले असेन." मंडळी हसली. "पाणी अजून उतरू दे. भूक आहे त्यांना, येतील. आपण थांबू."

उन्हं तापली तरी कुणी उठलं नाही. गुणाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि उजवा हात मांडीखाली दाबला.

थवा परतला. एकदा घिरटी घातली, दुसऱ्यांदा घातली आणि उतरला. विनितानं दुर्बीण आईच्या डोळ्यांना लावली. इवल्या चोची शिवणयंत्राच्या सुईसारख्या चिखलात वरखाली होत होत्या. जन्मभर हाकलली, पण निवांत खाताना गुणाबाईनं पाखरं कधी बघितलीच नव्हती.

माधवी मॅडम हळूच जवळ आल्या. "विनिता, पुढचा रविवार तुझाच." मग गुणाबाईकडं बघत म्हणाल्या, "आईंना मात्र सगळ्यांच्या मागं बसवायचं."

"येशील ना, आये?" विनितानं विचारलं.

गुणाबाईनं नुसती मान डोलावली. बोलायचं तर तोंडातून पदर काढावा लागला असता, आणि पाखरं अजून चरत होती.