वाचलेल्या फेऱ्यांचा फळा

मंगळवार, सकाळी साडेअकरा. शेलार गावाबाहेर एका ट्रस्टचा दवाखाना. टेबलावर स्क्रीन, स्क्रीनवर मुंबईतले डॉक्टर, भिंतीवर हिरवा फळा: 'वाचलेल्या फेऱ्या'. पेशंट मुंबईला गेला नाही, तेवढा गाडीचा धूर वाचला! कॉल संपला की सिस्टर मनीषाताई आकडा एकने वाढवतात. मी एका बातमीसाठी गेलो होतो. किस्से इतके साठले, की महिनाभर जातच राहिलो.

*

अन्सारीभाई कापडाच्या लूमवर काम करतात. बीपीचा कॉल त्यांनी कारखान्यातूनच लावला. डॉक्टर ओरडले, "मशीन बंद करा, काही ऐकू येत नाही!" मालकाने अख्खी रांग थांबवली. अन्सारीभाई खूश: "साहब, बीस साल में पहली बार मेरे लिए लूम रुका!"

पूर्वी तपासणीला त्यांची शिफ्ट बुडायची. हे कबूल करायलाच हवं.

*

दापोड्याचे गोदामवाले शेठ दोन गाड्या घेऊन आले. मागच्या गाडीत भाऊ, मेहुणे, शेजारी.

मी म्हणालो, "शेठ, घरून फोनवर झालं असतं की!"

"घरात बसून कसला डॉक्टर? बरोबर माणसं नकोत?"

फळ्यावर एक फेरी वाचली!

*

ट्रस्टच्या मॅनेजरना फोन लावला. "इथवर येणाऱ्या गाड्यांचा धूर कोण मोजतं?"

"ते फॉरमॅटमध्ये नाही."

"आणि तुमची ॲम्ब्युलन्स दिसत नाही?"

"फेऱ्याच वाचतायत, मग गाडी कशाला? काढून टाकली!"

आवाजात अभिमान होता.

*

त्याच आठवड्यात गावातल्या जनाबाई चौथ्यांदा आल्या. डायबेटिस, पायाच्या अंगठ्याला जखम. आधीच्या तिन्ही कॉलमध्ये डॉक्टर म्हणाले होते, "ठीक दिसतंय, ड्रेसिंग चालू ठेवा."

या वेळी जनाबाईंनी पाय उचलून थेट कॅमेऱ्यासमोर धरला. "डॉक्टर, तुला वास येतो का? मना येतो!"

मग डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, यांना आत्ताच्या आत्ता इकडे पाठवा. ॲम्ब्युलन्स काढा."

मनीषाताई रिक्षा शोधायला धावल्या.

जनाबाई रिक्षाने मानकोली नाक्यावर आणि तिथून कापडाच्या गाठींच्या टेम्पोत बसून मुंबईला गेल्या. अंगठा काढावा लागला.

ॲम्ब्युलन्स कोणाच्या सहीने काढून टाकली, असं मी ट्रस्टला लेखी विचारलं.

जनाबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी फळा बघितला. आकडा एकने वाढला होता.

"ताई, ही वाचलेली फेरी कोणाची?"

"जनाबाईंची. कॉल संपला ना!"