ताईसाठी शांत केलेला कॉम्प्युटर

ताईचा आवाज बसला तेव्हा आधी आम्ही थट्टाच केली. ती बालवाडीत शिकवायची. दिवसभर पोरांवर ओरडून संध्याकाळी घसा धरून बसणं तिला नवीन नव्हतं. त्यात वस्तीत जयंतीचा कार्यक्रम असो नाहीतर कोणाचं लग्न, माईक ताईच्याच हातात. हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, आल्याचा रस झाला. आवाज काही सुटेना. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आम्हा दोघी बहिणींना समोर बसवून सांगितलं की गाठ स्वरयंत्रावर आहे, स्वरयंत्रच काढावं लागेल.

"म्हणजे मला बोलता येणार नाही?" ताईने विचारलं.

"पहिल्यासारखं नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर रिक्षात ताई जी बोलायला लागली ती थांबेचना. रस्त्यावरची नवी दुकानं, बालवाडीतली पोरं, रेशनचे तांदूळ, काय वाटेल ते. घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात नुसती बोलत सुटली. उरलंसुरलं वापरून टाकायचं ठरवल्यासारखी. मी हूं हूं करत राहिले.

भाऊजी कधीचेच गेले. ताई आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी वाकोल्याला राहायच्या. ऑपरेशन होईपर्यंत दोघी माझ्याकडे घाटकोपरला आल्या. माझं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. मी एकटी. इंटिरिअरवाल्यांना घरांची थ्रीडी चित्रं करून देते, त्यामुळे खोलीचा एक कोपरा कॉम्प्युटरने अडवलेला. मशीन मी स्वतः सुटे भाग आणून जोडलेलं. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं, मला सवय झाली होती.

हॉस्पिटलमध्ये पेशंटना बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी ताईला सांगितलं, "आवाज आहे तोवर रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा. नंतर फोनवर बटण दाबलं की तुमच्याच आवाजात वाक्य ऐकू येईल. पण मागे कसलाही आवाज नको. आणि फोनवर करू नका, फोन आवाज दाबून टाकतो. चांगला माईक कॉम्प्युटरला लावून करा."

कॉम्प्युटर म्हटल्यावर मी सरसावून बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी मला जमेल असं काहीतरी सांगितलं होतं.

माईक आणला, लावला. ताईने पहिलं वाक्य म्हटलं, "मला पाणी हवंय." लावून ऐकलं तर तिच्या वाक्याखाली घूंऽऽ असा एकसारखा आवाज. वाक्य संपलं तरी तो चालूच.

"कॉम्प्युटर आहे का पिठाची गिरणी?" ताई म्हणाली. "ह्याच्याशेजारी तू झोपतेस कशी गं?"

खरं सांगायचं तर मला तो कधी ऐकूच यायचा नाही. थ्रीडीचं काम म्हणजे मशीन तापणार. मशीन तापलं की पंखे जोरात फिरणार. प्रोसेसरसोबत फुकट मिळालेला, तळहाताएवढा पंखा मी तसाच ठेवला होता. लहान पंख्याला तेवढीच हवा ओढायला जास्त वेगाने गरगरावं लागतं, म्हणून तो किंचाळतो. कामाचं मशीन, चालतंय ना, बास.

"कोणाचा तरी लॅपटॉप आण ना दोन दिवस," ताई म्हणाली.

"त्यालाही पंखा असतो," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते, पण लॅपटॉपने काम भागलं असतं, हे मला माहीत होतं. ऑपरेशनची तारीख डॉक्टर ठरवणार, गाठ किती पसरली ते रिपोर्ट ठरवणार. त्या सगळ्यात माझ्या हातात काय होतं? हा पंखा तेवढा होता.

दुसऱ्या दिवशी साकीनाक्याजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात निघाले, तर ताई चप्पल घालून दारात. "मी पण येते. घरात बसून भिंती किती बघू?"

दुकानदाराने मोठ्या हौसेने रंगीत दिव्यांचे पंखे काढले. बटण दाबलं की सगळे रंग गोल फिरायचे. "मॅडम, लेटेस्ट. काचेच्या कॅबिनेटमध्ये एकदम झकास दिसतात."

"भाऊ, रंग ऐकू येतात का?" ताईने विचारलं.

तो हसला, पण तिचा आवाज ऐकून जरा चपापला. "गेमिंगसाठी पाहिजे ना?"

"नाही. मला माझा आवाज भरून ठेवायचाय. पुढच्या महिन्यात काढणारेत."

तिने हे अगदी सरळ सांगितलं. मग त्याने काउंटरवरचा गाण्यांचा स्पीकर बंद केला, दुकानाचं काचेचं दार लोटून घेतलं आणि एकेक पंखा वायरला जोडून ताईच्या हातात द्यायला लागला. ताई डोळे मिटून कानाशी धरायची. एक पंखा मला फार आवडला होता, अगदी शांत वाटत होता. ताईने मान हलवली. "हा टिकटिकतोय." मी कान लावला, मला काहीच ऐकू येईना. "अगं, आहे. मधेच एकदा टिक करतो," ती म्हणाली. इतकी वर्षं माईक हातात धरलेले, लाऊडस्पीकरची खरखर कुठून येते ते ती मंडपात उभ्या उभ्या सांगायची. मी तो पंखा परत ठेवला. शेवटी सावकाश फिरणारे मोठे पंखे घेतले, साधे काळे. ते स्क्रूऐवजी रबराच्या खुंट्यांनी बसवायचे, म्हणजे कॅबिनेटचा पत्रा थरथरत नाही.

मग हीटसिंक. पातळ पत्र्यांची चळत असते ती, मधून तांब्याच्या नळ्या जातात. प्रोसेसरची उष्णता नळ्यांतून पत्र्यांत पसरते आणि पंखा ती उडवून लावतो. पत्रे जितके जास्त, तितकं पंख्याला निवांत फिरता येतं. मी हावरटासारखा दुकानातला सगळ्यात मोठा उचलला.

घरी आणून, उष्णता ओढणारी पेस्ट लावून, तासभर खटपट करून बसवला आणि कॅबिनेटचं झाकण लावायला गेले तर लागेचना. हीटसिंक दोन बोटं वर. उंची मोजायचीच विसरले होते. ताई पोट धरून हसली. "चपाती मोठी आणि डबा लहान!" हसता हसता तिला खोकला लागला आणि खोकला थांबेना. भाची पाणी घेऊन धावली. मी हातात झाकण धरून उभी.

तो परत करून बुटका आणि रुंद हीटसिंक आणला. तो बसला. गिरणी थांबली. पण आता ग्राफिक कार्डाचा आवाज यायला लागला. त्याचे पंखे सेटिंगमध्ये जाऊन मंद केले, तर पॉवर सप्लायची घरघर. तोही बदलला. मग भाची म्हणाली, "मावशी, फ्रिज." फ्रिज बंद केला. ट्यूबलाईटचं चोक गुणगुणत होतं, ते कधी जाणवलं नव्हतं. एक आवाज गेला की त्याच्यामागचा दुसरा पुढे यायचा. मला त्याचं वेडच लागलं. कामं पडून राहिली, इंटिरिअरवाल्यांचे फोन मी उचलेना. ताई पलंगावर बसून माझी धावपळ बघायची आणि म्हणायची, "अगं, बस झालं. मला काय रेडिओवर जायचंय?"

मग एका दुपारी ते जमलं. आजूबाजूची घरं जेवून लवंडलेली, खिडक्या बंद, डोक्यावरचा पंखा बंद. आम्ही तिघी घामाने निथळत होतो. कॉम्प्युटर चालू आहे की नाही, हे दिवा बघूनच कळत होतं. ताईने वाक्यं म्हटली. "लाईट बंद कर." "दुखतंय मला." "चहा ठेव." मी लावून दाखवलं. तिच्या कानावर हेडफोन होते.

"अजून येतोय बघ," ती म्हणाली.

"काय?"

"सूंऽऽ असा. बारीक. वाक्य संपलं की."

मी कॅबिनेटला कान लावला. एकेक पंखा बोटाने थांबवून पाहिला. माईकची वायर बदलली. भाचीने दुसरे हेडफोन लावले, ऐकलं, आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तरीही मला कळेना. मी स्क्रू-ड्रायव्हर शोधत होते.

ताईने पुन्हा माईक सुरू करायला सांगितलं. एक वाक्य म्हणाली आणि श्वास रोखून बसली. मग लावून ऐकलं. वाक्य संपलं आणि पुढे काहीच नाही. निखळ शांत. आणि मग, जिथे तिने श्वास सोडला होता, तिथे तो आवाज. सूंऽऽ.

"मीच आहे ती," ताई म्हणाली. "मशीन नाही."

इतके दिवस गिरणीच्या आवाजाखाली तो झाकलेला होता. मी एकेक पांघरूण काढत गेले आणि खाली तिचा आजार निघाला. ताईने पदराने मान पुसली आणि म्हणाली, "चल, पुढचं वाक्य घे. उकडतंय."

त्यानंतर रोज दुपारी आम्ही रेकॉर्डिंग केलं. हॉस्पिटलमधल्या बाईंनी दिलेली वाक्यं संपल्यावर ताईने स्वतःची काढली. कोळणीशी घासाघीस करायची वाक्यं. "बोंबील आहेत का सोनं?" शेजारणीला द्यायच्या दोन शिव्या. त्रिसरण, पंचशील म्हटलं, मधे थांबत थांबत. पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो मुलीच्या नावाला. सकाळी उठवायची हाक, जेवायला बोलवायची हाक, रागावल्यावरची, गॅलरीतून खाली मारायची, परीक्षेहून आल्यावर दारातच विचारायची. एकच नाव, किती तऱ्हांनी. भाची त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन बसायची.

"तिचं लग्न ठरलं तर काय म्हणू?" ताईने एकदा मला विचारलं.

"तेव्हा बघू ना ताई."

"तेव्हा कुठून आणू?" ती म्हणाली. मग माईककडे तोंड करून बसली. काहीच न बोलता मला खूण केली, बंद कर.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. श्वासासाठी गळ्याला भोक, त्यावर पांढरी जाळी. परत माझ्याकडेच आणल्यावर मी तिच्या फोनवर सगळी वाक्यं लावून दिली, प्रत्येकाला एक चित्र. दोन दिवसांनी, मी कॉम्प्युटरवर बसले होते, ताई पलंगावर आणि भाची आत कणीक मळत होती. ताईने एक चित्र दाबलं. खोलीत तिचा आवाज घुमला, मुलीचं नाव, जेवायला बोलवायची हाक.

भाची आतून धावत आली. हात कणकेने भरलेले. "आई!" ती ओरडली. आणि मग तिने पाहिलं. आईचं तोंड मिटलेलं, आवाज पलंगावरच्या फोनमधून आलेला. ती तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं आणि जे पुसलं गेलं, ते ताईने बघितलं.

ताईने फोन पालथा ठेवला. त्यानंतर तिने ती चित्रं कधी दाबली नाहीत. काही हवं असलं की टाळी वाजवायची, नाहीतर पाटीवर लिहायची. मी एकदा म्हटलं, "अगं, एवढं केलंय ते वापर की." तिने पाटीवर लिहिलं, "घाबरते ती." आणि लगेच हाताने पुसून टाकलं.

वर्ष सरायच्या आत आजार फुप्फुसांत गेला. शेवटी शेवटी पाटी धरायचीही ताकद नव्हती, ती माझ्या तळहातावर बोटाने लिहायची. मला अर्धं कळायचं, अर्धं कळल्यासारखं करायचे. थंडी सरता सरता ती गेली. आम्ही दोघी जवळ होतो. तिला काहीतरी सांगायचं होतं, ओठ हलत होते. काय ते आम्हाला कळलं नाही. भाचीला वाटतं तिचं नाव होतं. मी होच म्हणते.

भाची आता माझ्याकडेच राहते. ताई गेल्यावर महिन्याभराने मी तिला विचारलं, रेकॉर्डिंग तुझ्या फोनवर घालून देऊ का. तिने एका दुपारी हेडफोन लावून थोडं ऐकलं आणि काढून ठेवलं.

"नको मावशी. ह्यात आई खूप दमलेली आहे."

"पुसू?"

"पुसू नकोस. पण मला समोर दिसायला नको."

मी सगळं पेन ड्राईव्हवर घेतलं, तिने तो कपाटात ताईच्या साड्यांखाली ठेवला. मशीनवर माझं काम परत सुरू झालं. आणखी काय करणार? इंटिरिअरवाल्यांना चित्रं वेळेवर लागतात. पलंग, पडदे, जेवणाची टेबलं. भाची शेजारी बसून अभ्यास करते, मधेच उठून चहा करते.

आम्ही दोघी फार बोलत नाही. बोलायचं असलं की उठून जवळ जातो आणि बोलतो. ती आत असली आणि मी बाहेर, तरी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक मारायची आमच्या घरातली सवय गेली.