गोटीरामकाकांची उघाडी

उरणजवळच्या आमच्या गावात गोटीरामकाकांइतका हट्टी माणूस शोधून सापडणार नाही. आजूबाजूच्या शेतांत भराव पडले, कंटेनर उभे राहिले, तरी खाडीच्या बांधाला लागून असलेलं जिताडा माशांचं तळं त्यांनी सोडलं नाही. त्यांचा मुलगा केतन ती जागा कंटेनर यार्डाला द्यायच्या मागे लागला होता. रोजची भांडणं झाली की शेजारी आमच्या घरात भिंतीला कान लावावा लागत नसे. शेवटी ठरलं, यंदा जिताडे नीट वाढले तर तळं राहील, नाहीतर भराव. काकांनी हसत मान्य केलं. घरच्या माणसांपेक्षा त्यांचा माशांवर जास्त भरवसा होता.

आणि मासे वाढलेही. एकेक हातभर झाला. त्यांची बायको, गोजराकाकी, कुरकुरायच्या, "मना कवा एवऱ्या मायेनं खायाला घातलंस?" पण जिताड्यांसाठी बारक्या मासळीची टोपली तळ्यावर त्याच नेऊन द्यायच्या.

एप्रिलमधल्या एका सकाळी मासे पाण्यावर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. उन्हानं पाणी तापलं की असं होतं. त्यावर आमच्याकडे एकच उपाय. बांधातली उघाडी, म्हणजे लाकडी फळीचं दार, भरतीच्या वेळी वर उचलायचं आणि खाडीचं ताजं पाणी आत घ्यायचं. काकांचे वडीलही हेच करायचे. मी हात लावला, काकांनी फळी ओढली, पाणी खळाळत आत आलं. आम्ही निवांत जेवायला गेलो.

खाडीच्या तोंडाशी कोळंबी सोलून गोठवणारा एक कारखाना आहे. फाटकावर हिरवीगार पाटी, 'पर्यावरणपूरक उत्पादन'. त्या पाटीचा रंगच काय तो पर्यावरणपूरक! टरफलांचं सडकं पाणी त्यांनी खाडीत सोडलं होतं आणि भरतीनं ते आमच्या दारात आणून घातलं. जेवून परत आलो तर सगळे जिताडे पोटं वर करून तरंगत होते. काका बांधावरच बसले. मला रडू आवरेना.

प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली. त्यांचे साहेब पाणी तपासायला आले, तोवर ओहोटी-भरतीनं खाडी धुऊन निघाली होती.

"पाणी तर ठीक दिसतंय. दार कोणी उघडलं होतं?"

"मीच उघारली," काका म्हणाले.

साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण काकांनी हातानंच मला गप्प केलं.

संध्याकाळी केतन बापाशेजारी येऊन बसला. मेलेले मासे पुरून त्याचे हात अजून वास मारत होते.

"बाबा, भराव नको आता. आपण परत पिल्लं सोडू."

काकांनी उघाडीपलीकडच्या खाडीकडे बोट केलं.

"सोरू रं पोरा," ते म्हणाले. "पन कंच्या पान्यान?"