अंगठ्याखालची ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे — का, ते मलाही नीट कळत नाही.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. केदारखेड्याहून जालन्याला. धाकटी बहीण शोभा — तिची शाळा चौथीनंतर सुटली. घरी कामाला कुणीतरी हवं होतं. तिनं कधी कुरकुर केली नाही. जळायचंच होतं तर तिनं माझ्यावर जळायला हवं होतं, नाही का? पण जळलो मी.

कारण इतकं लहान आहे की लिहितानाही लाज वाटते. शोभा कुठून कुठून जास्वंदीच्या काड्या आणायची, तेलाच्या रिकाम्या डब्यांत खोचायची, आणि त्या जगायच्या. आबा — आमचे वडील — येईल त्याला ते डबे दाखवायचे. "पोरीच्या हाताला गुण हाय." मी पहिल्या परीक्षेचा निकाल घेऊन आलो, तेव्हा आबांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. गुण मला मिळाले होते — आणि आबांच्या तोंडी गुण तिच्या हाताचा. हसू येईल तुम्हाला. मला तेव्हा आलं नाही.

त्या वर्षी आबांनी तिला ओढ्याकाठची एक पट्टी दिली. वीसेक जास्वंदी लावायच्या, फुलं भोकरदनच्या हारवाल्याला द्यायची. तिची स्वतःची म्हणावी अशी ती पहिलीच गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो, तर डब्यांतली रोपं गुडघ्याएवढी झालेली, पट्टीत लावायची बाकी. आबा म्हणाले, "संक्रांत होऊ दे. ओढ्याकडं गारठा बसतो." शोभाला कुठला धीर!

"भाऊ, तुझ्या पुस्तकात काय लिव्हलंय, बघ की!"

कॉलेजच्या लायब्ररीतलं बागकामाचं पुस्तक होतं माझ्याकडे. मी अंगणात बसून मोठ्यानं वाचलं — जास्वंदीची रोपं पाऊस सरताच जमिनीत लावावीत. त्याखाली आणखी एक ओळ होती. सखल जागी, जिथं थंडी साचते, तिथं रोपं आडोशाला डब्यातच ठेवावीत आणि हिवाळा सरल्यावर लावावीत. ती ओळ मी पाहिली. मनात वाचली. आणि — तिच्यावर अंगठा ठेवला. शोभाला वाचता येत होतं. ती माझ्या खांद्याशीच उभी होती.

रोपं मरावीत असं मला वाटत होतं का? हो. सगळी नकोत, चारपाच — इतपत विचार मी केला होता.

आबांनी एकदा ओढ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पुस्तकात हाय म्हणल्यावर बराबर आसंल. आपुन काय शिकल्यालो न्हाई." शोभाच्या डब्यांकडे बघायचे, तसं ते माझ्याकडे पहिल्यांदाच बघत होते. अंगठा तेव्हाही उचलता आला असता. मी पुस्तक मिटलं.

त्याच आठवड्यात शोभानं रोपं पट्टीत लावली. पौषात तीन दिवस कडाक्याचा गारठा पडला. संक्रांतीला मी आलो, तेव्हा पट्टीतली सगळी रोपं काळी पडून लोंबत होती, उकडलेल्या पाल्यासारखी. शेजारची काकू म्हणाली, "गेला गं शोभे, तुझ्या हाताचा गुण." शोभा खाली बसून एकेक काडी नखानं खरवडत होती — आत कुठं हिरवं आहे का बघत. आबांनी पुस्तकाबद्दल अवाक्षर काढलं नाही. पुढच्या हंगामात त्या पट्टीत कपाशी आली.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. शोभा लग्न होऊन घनसावंगीकडे गेली. गेल्या दिवाळीत मी तिला पत्र लिहिलं — अंगण मोठं आहे तुझं, जास्वंद लाव, पण संक्रांतीनंतर लाव. खरं काय ते लिहिलंच नाही. तिचं उत्तर आलं, चौथीतल्याच गोल अक्षरात. "भाऊ, तुझं पुस्तक बराबर होतं. माझ्याच हाताला गुण न्हाई. म्या आता झाड लावत न्हाई."

तिच्या हाताला गुण होता. ती ओळ माझ्या अंगठ्याखाली होती.