रेल्वेतले जनुभाई आणि आमचे हे

माणसाचा स्वभाव कागदावर छापून मिळतो, हे मला आत्ता आत्ता कळलं. आमचे हे इथे गुजराती मुलखात, प्रतापनगरला रेल्वेत फिटर. दोन महिन्यांनी रिटायर होणार, म्हणून अशा सगळ्यांसाठी दोन दिवसांचं शिबिर झालं. तिथे एका बाईंनी प्रत्येकाकडून साठ प्रश्न गुजरातीतून भरून घेतले आणि ज्याचा त्याचा स्वभाव काढून दिला. यांचा कागद मला डब्याच्या पिशवीत सापडला. बोलका, हसरा, माणसांत रमणारा, असं काय काय लिहिलेलं.

दोनदा वाचला. म्हटलं, कुणाशी तरी अदलाबदल झाली असणार.

अहो, एकतीस वर्षं संसार केलाय मी या माणसाबरोबर. "पातळ" एवढं म्हणाले की आपण समजायचं, आमटी बिघडली. घरी यायचं, स्कूटर लावायची, हातपाय धुवायचे आणि पेपरात डोकं घालायचं. लग्नानंतर मी धुळ्याला आईला पत्रात लिहिलं होतं, माणूस चांगला आहे, पण मिठाची गुळणी धरून बसलेला असतो. खरं सांगते, मला यांच्या रिटायरमेंटची धास्तीच होती. दिवसभर घरात दोघं, आणि बोलणारी मी एकटी. आमची ऋचा लग्न होऊन निजामपुऱ्यात राहते, तिला मी आधीच सांगून ठेवलं होतं की अर्धा आठवडा मी तुझ्याकडे.

शनिवारी यांच्या खात्यातले पीयूषभाई पुतणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. हे भाजी आणायला गेलेले. मी चहा दिला आणि तो कागद पुढे करून विचारलं, हा कुणाचा हो? पीयूषभाई हसायलाच लागले.

"भाभी, आ तो अमारा जनुभाईनो ज छे!"

जनुभाई! जनार्दनचा जनुभाई कधी झाला, मला पत्ताच नाही. दुपारच्या सुट्टीत शेजारच्या खात्यातली माणसंसुद्धा डबा घेऊन यांच्याजवळ येऊन बसतात म्हणे. हे नकला करतात, किस्से सांगतात, लोक पोट धरून हसतात. जनुभाई गेल्यावर जेवणात काही राम राहणार नाही, असं म्हणून पीयूषभाईंनी चहा संपवला आणि गेले.

मी स्वयंपाकघरात बसून राहिले. वाईट वाटलं. रागही आला, कशाला खोटं बोलू? सगळ्या रेल्वेला हसवायला जनुभाई, मग मी यांचं काय घोडं मारलं होतं? एकच प्रश्न डोक्यात घोळायला लागला, की हे माझ्याशीच का बोलत नाहीत. माझ्या संगतीत यांना सुख नाही का.

रविवारी ऋचा आली. तिला सगळं सांगितलं. तिने मोबाईलवर तसलीच चाचणी काढली आणि एकेक प्रश्न मराठीत करून बाबांना विचारला. पेपराच्या आडून "हो", "नाही", "असेल" अशी उत्तरं आली. निकाल काय, तर अबोल, एकांत आवडणारा, मनातलं मनात ठेवणारा. ऋचा म्हणाली, आई, हे राशिभविष्यासारखं असतं, मनावर नको घेऊस. मी यांनाच विचारलं, यातलं खरं कुठलं? "दोन्ही," म्हणाले आणि पान उलटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ऋचा गेल्यावर दुपारचा चहा टाकला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिला कागद गुजराती होता, दुसरी चाचणी मराठीत. आमच्या घरात गुजराती कधी बोललीच गेली नाही. माझे सासरे, तात्यासाहेब, कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांचा दंडक असा, की उंबऱ्याच्या आत मराठी, आणि तीही विचारलं तरच. जेवताना हसलं तर पानावरून उठवायचे. हे बोलायला शिकले ते वाडीतल्या गल्लीत, गुजराती पोरांच्यात. तात्यासाहेबांना जाऊन बारा वर्षं झाली, पण दंडक काही गेला नव्हता. मीसुद्धा गुजराती बोलते ती भाजीवालीशी.

चहा पुढे ठेवला आणि भाजीवालीकडून शिकलेल्या त्याच गुजरातीत विचारलं, "तमे मारी साथे सुखी छो?"

यांनी पेपर खाली ठेवला. आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बहु सुखी छुं," म्हणाले. मग कप उचलत म्हणाले, "पण आ घरमां मोढुं खोलुं ने, तो हजी एम लागे के तात्यासाहेब सांभळे छे."

साठीला टेकलेला माणूस! घरात तोंड उघडलं की अजून वडील ऐकताहेत असं वाटतं त्याला. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि रडूच आलं. मी पदराने डोळे पुसत होते आणि हे बोलत सुटले होते, गुजरातीत, हातवारे करत. मला बघायला धुळ्याला आले होते, तेव्हाची गोष्ट सांगत होते. गाडीत बसल्यापासून मला विचारायचे चार प्रश्न पाठ करत आले होते म्हणे, शुद्ध मराठीत. पण समोर मी आले, शेजारी तात्यासाहेब बसलेले, आणि चारातला एकही तोंडातून फुटला नाही. मला आठवतं, त्या दिवशी हे नुसते पोह्यांकडे बघत होते. मला वाटलं होतं, मुलाला मी पसंत नाही.

पहिला प्रश्न कुठला होता, मी विचारलं.

हे जरा सावरून बसले. घसा खाकरला. एकेक शब्द जपून, मराठीत म्हणाले, "तुम्हाला काय काय आवडतं?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी कप बाजूला ठेवला आणि आठवून आठवून एकेक सांगायला लागले.