निम्म्या वजनाचा स्क्वॉट

आज जिममध्ये शेजारच्या स्क्वॉट रॅकवरच्या साठीतल्या काकूंनी मला टोकलंच. "अरे, तू अर्ध्यातूनच वर येतोस. मांड्या वाढणार कशा?"

काकूंनी बारवरचं निम्मं वजन उतरवायला लावलं आणि माझ्या टाचांखाली वजनाच्या दोन छोट्या प्लेट्स सरकवल्या. "आता पाठ ताठ ठेव आणि पूर्ण खाली बस."

आठव्यांदा खाली बसताना मांड्या लटपटायला लागल्या. घरी आल्यावर जिना कठडा धरून चढलो.

दोन वर्षं माझ्या जड स्क्वॉटचे व्हिडिओ मी इथेच टाकतोय आणि तुम्ही "भारी यार" म्हणताय. खरं सांगा, मी अर्ध्यातूनच उठतोय हे कुणालाच दिसलं नाही? की दिसलं होतं, पण बोलला नाहीत?